हिराबायची हिरवी टोपली

मी एक जुनी बांबूची टोपली आहे. जुनी म्हणजे किती ते विचारू नका. माझा काठ तीनदा बदललाय, तळ एकदा, तरी मी तीच आहे अशी माझी समजूत आहे. सध्या बोईसरजवळ, दर्याकाठच्या दांडी गावात हिराबायच्या पडवीत माझा मुक्काम असतो आणि एक खुडूक कोंबडी माझ्यात अंड्यांवर बसते. कोंबडीचा काही त्रास नाही. त्रास आहे तो येणाऱ्याजाणाऱ्यांचा. जो येतो तो वाकून बघतो आणि विचारतो, "ही टोपली अशी हिरवी कशी गं?" हिराबाय उत्तर देत नाही. तेव्हा मित्रांनो, मीच सांगते. आधीच बजावून ठेवते, माझ्या गोष्टीत क्षमा वगैरे काही नाही. ज्यांना ती हवी असेल त्यांनी एखाद्या मऊ वस्तूचं आत्मवृत्त ऐकावं. उशीचं ऐका हवं तर.

मनोरच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर माझा जन्म झाला. जिवल्याने अमावास्येच्या आसपास बांबू तोडला, कारण चांदण्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो असं ते लोक म्हणतात. त्याच्या बायकोने, नवसीने, अंगणात बसून मला विणलं. तिचा हात घट्ट होता. बोईसरच्या आठवडे बाजारात तिने आम्हा टोपल्यांची उतरंड मांडली तेव्हा दांडीची हिरा आली. तिने एकेकीच्या तळात गुडघा रोवून पाहिला. दोन बहिणी कुरकुरल्या. मी हूं की चूं केलं नाही. हिरा म्हणाली, "ही घेते. ही हट्टी दिसते."

खोटं नव्हतं ते.

त्या दिवसापासून मी हिराच्या डोक्यावर चढले. हिराचा नवरा पुंडलिक होडीवर जायचा. तो आणील ते ओलं, आणि उरेल ते वाळवून सुकं, असं सगळं हिरा माझ्यात भरून बोईसरला न्यायची. बाजारात चिंचेखाली तिची ठरलेली जागा होती. शेजारी तिची मैत्रीण हंसा बसायची. हंसाची जीभ म्हणजे कोयता. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की ती म्हणायची, "एवढ्यात फक्त वास मिळंल भाऊ, घे पोटभर."

दांडीच्या बायकांची एक रीत होती, ती नीट ऐका. सुक्या मासळीवर कुणी शंका घेतली की त्या शपथा घेत बसत नसत. बोंबलाचा तुकडा मोडायचा, गिऱ्हाइकासमोर तोंडात टाकायचा आणि चावून गिळायचा. खाऊन विकायचं. हिराला तिच्या सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जे आपल्या तोंडात घालवत नाय ते दुसऱ्याच्या पिशवीत घालू नको." हिराने ते इतकं पाळलं की शंका कुणी घेवो न घेवो, ती आधी खायची. 'हिराचा माल म्हणजे हिराचा दात' असं लोक म्हणायचे. मला फार अभिमान वाटायचा. उन्हात वजन वाहण्याचं सार्थक होतं ते.

मग आला विश्रामशेठ.

विश्रामशेठचं बोईसरला तांदळाचं दुकान होतं आणि मागे गोदाम. साल त्र्याहत्तर असेल. आजूबाजूला कारखाने वाढत होते, परगावचे कामगार येत होते, आणि शेठला नवीन धंद्याची स्वप्नं पडत होती. एके दिवशी तो दोराची भेंडोळी घेऊन दांडीला आला. खाडीत बांबू रोवायचे, बांबूंना दोर ताणायचे, दोरात शेवाळाचे तुकडे अडकवायचे. भरती-ओहोटी त्यांना वाढवील, महिन्या-दीड महिन्यात दोर पाल्याने भरून जातील. "दर्यात शेती! जपानात लोक हेच खातात," तो म्हणाला.

बायका हसल्या, पण दोर बांधले. आणि खरंच पीक आलं हो! हिरवागार, झालरीसारखा पाला. हिराने किनाऱ्यावरच एक पान खुडून खाल्लं. खारट, कुरकुरीत. घरी सुक्या जवळ्यात टाकून भाजी केली, तर पुंडलिकाने दोनदा मागून घेतली. पाला चांगला होता, मित्रांनो. त्या वेळी खाडीचं पाणीही चांगलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण मी उगाच कुणाला दोष देणारी नाही. ज्याचा आहे त्यालाच देते.

अडचण एकच झाली. उन्हात वाळला की पाला काळपट पडायचा. बाजारात लोक बघायचे आणि नाक मुरडायचे. मग शेठने युक्ती काढली. "हिराबाय, तू ओला पाला माझ्या गोदामात टाक. वाळवायचं मी बघतो. वाळलेला माल तूच विक, लोकांचा तुझ्यावर भरवसा आहे."

पुढच्या बाजाराला त्याने वाळलेला माल दिला तो पोपटासारखा हिरवा. हिरा चकित झाली. शेठ म्हणाला, "तुम्ही उन्हात भाजून काढता. मी सावलीत वाळवतो, म्हणून रंग राहतो."

हिराने मान डोलावली. इथेच ती फसली. कोळणीचं सगळं वाळवण उन्हात. बोंबील उन्हात, जवळा उन्हात, मीठ लावलेला सुरमईचा तुकडाही उन्हात. सावलीत वाळवणं तिच्या बापजन्मी कुणी केलं नव्हतं. उन्हाने रंग जातो एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा सावलीत तो राहत असेल, हे तिला पटलं. शिकलेल्या माणसालाही पटलं असतं.

मला पटलं नव्हतं. कारण मी गोदामात गेले होते. हिरा दारात मला ठेवून जायची, आणि शेठचा हमाल झिपरू मला आत न्यायचा. आत सिमेंटचा हौद होता. कापड रंगवायच्या कारखान्यातून आणलेली भुकटी शेठ स्वतःच्या हाताने हौदात टाकायचा. झिपरू काठीने ढवळायचा, पाला त्यात बुडवायचा आणि निथळायला माझ्यात उपसायचा. ते पाणी माझ्या कामट्या-कामट्यांत शिरलं; हिराला वाटलं, पाल्याचाच रंग उतरला. झिपरूने एकदा विचारलं, "शेट, हे पोटात जाऊन काय होल नाय ना?" शेठ म्हणाला, "आपण कुठं खातोय?"

आपण कुठं खातोय! मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्याच वेळी त्याच्या पोटरीला चावले असते. पण टोपलीला काठ असतो, दात नसतात. मी राग साठवून ठेवला.

मालाला शेठने नाव दिलं 'समुद्रमेवा'. आणि तो खपला! हिरा चिंचेखाली बसायची, मूठभर हिरवा पाला तोंडात टाकायची, चावायची, गिळायची आणि म्हणायची, "घ्या, दर्याचा पाला, रक्त वाढवतो." तिचे ओठ हिरवे व्हायचे. हंसा चिडवायची, "आज पोपटीण आली गं बाजाराला!" लोक हसायचे आणि विकत घ्यायचे. सगळ्या बोईसरात ते विष सगळ्यात जास्त कुणी खाल्लं असेल, तर हिराने. महिन्याभरात तिच्या तोंडात फोड आले. भाकरी पाण्यात भिजवून गिळायची. तिला वाटलं उष्णता झाली. जिऱ्याचं पाणी पीत राहिली आणि समुद्रमेवा खात राहिली. हे आठवलं की आजही माझा काठ ताठ होतो.

पौषात कामगारांच्या एका खानावळीत समुद्रमेव्याची भजी झाली आणि रात्रीतून दहा-बारा जण उलट्यांनी आडवे झाले. दुसऱ्या बाजाराला त्यांच्यातला एक जण अन्न निरीक्षकाला घेऊन थेट चिंचेखाली आला. "यही औरत है, साहब!"

साहेब सरळ माणूस होता. त्याने पैसे देऊन माल विकत घेतला, तीन भाग केले, तीन बाटल्यांत भरले, लाखेने मोहरबंद केले, पंचांच्या सह्या घेतल्या. हिराने काय करावं? तिने साहेबासमोर मूठभर पाला उचलून तोंडात टाकला. फोड आलेल्या तोंडाने चावला. डोळ्यांत पाणी आलं, तरी गिळला. "बगा साहेब, खाऊन विकते मी." साहेबाने खाली बघितलं.

माघात तपासणीचा निकाल आला. खाण्यात बंदी असलेला रंग. हिरावर खटला.

हिरा आणि हंसा साहेबाच्या कचेरीत गेल्या. मला बरोबर नेलं, कारण रिकाम्या हाताने चालायची हिराला सवयच नाही. साहेब म्हणाला, "बाई, आमच्या नियमांच्या पुस्तकात या शेवाळाचं नावच नाही. ते कुठल्या पाण्यात वाढवावं, त्यात काय असावं, काय नसावं, काही लिहिलेलं नाही. पण रंगाचं लिहिलंय. आणि ज्याच्या हातून माल विकला जातो, कायदा त्याचा हात धरतो. शेठने बिल दिलंय का?"

"बिल? आमाला कोण देतंय बिल!"

"तो म्हणतो, हिरा कोण ते मला माहीत नाही, मी तांदूळवाला. मी दोनदा झडती घेतली, तांदळाशिवाय काही निघालं नाही. हौदसुद्धा धुतलेला. त्याने माझ्या डोळ्यांदेखत विकलं, तर मी त्याला धरीन. नाहीतर तुरुंगात तू जाशील."

हिरा कोण ते माहीत नाही! अहो, तिच्या डोक्यावरून त्याचा माल सगळ्या बाजारात फिरला. तिच्या दातांवर त्याने दुकान चालवलं. आणि आता चिंचेखाली तिच्यापुढे कुणी थांबेना. बोंबील असोत, जवळा असो, बायका लांबूनच पोरांना ओढून न्यायच्या. "नको तिकडे, ती विषवाली." हिराने तुकडा मोडून तोंडात टाकला तरी लोक हसायचे. ज्या दातावर तिचं नाव उभं होतं तोच दात खोटा ठरला. तुरुंगाचं तिला एवढं वाटत नव्हतं. नावाचं वाटत होतं.

कचेरीतून परत येताना हिरा भरभर चालत होती. मग एकदम म्हणाली, "हंसे, पाडवा कदी हाय?"

हंसाने तिच्याकडे पाहिलं आणि दोघी हसल्या. ते हसू काही बरं नव्हतं. मला फार आवडलं.

व्यापारी माणूस कुणालाही नाही म्हणेल, पण बोहनीच्या गिऱ्हाइकाला म्हणणार नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं तर दिवस बुडाला. आणि पाडव्याची बोहनी परत गेली तर वर्षच बुडालं. विश्रामशेठ तर असा, की दुकानाच्या पायरीला कुणाचा डावा पाय आधी लागला तर हळद टाकायचा.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली. समोरच्या हॉटेलात साहेब आणि दोन पंच चहा घेऊन बसले होते. हंसाची धाकटी बहीण प्रेमला चिंचणीला दिलेली होती, शेठने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. ती हिरवं लुगडं नेसून, नथ घालून, मला कडेवर घेऊन दुकानाच्या पायरीवर गेली. माझा हिरवा तळ दिसू नये म्हणून आत नवं फडकं अंथरलं होतं.

"शेट, बोहनी करते. समुद्रमेवा द्या किलोभर."

शेठ दचकला. "तो संपला बाई. तांदूळ घे, गूळ घे."

"गूळ घरी हाय. माजी सासू आजारी, तिला तेच पायजे." प्रेमलाने नोट गणपतीच्या तसबिरीपुढे ठेवली आणि लगेच परत उचलली. "बरं, नाय तर नाय. पाडव्याची पयली सवाशीण मोकळी चालली म्हणायची."

तिने पायरी उतरायला पाय टाकला. उतरू नकोस, उतरू नकोस, असं मी मनात म्हणत होते. एक पायरी उतरली. दुसरी उतरली.

"अगं थांब, थांब, बाय!"

शेठ आत गेला. तांदळाच्या पोत्यांमागे काहीतरी सरकलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात हिरव्यागार पाल्याची पिशवी होती. त्याने ती स्वतःच्या हाताने तोलली, स्वतःच्या हाताने माझ्यात ठेवली, नोट घेतली आणि डोळ्यांना लावली.

साहेब चहा अर्धा टाकून उठला. "विश्रामशेठ, यातलाच मलाही द्या. नमुन्यासाठी."

शेठचा चेहरा मी खालून पाहिला. असा चेहरा बघायला मिळावा म्हणून मी आणखी दहा वर्षं उन्हात पडायला तयार होते. तेवढ्यात हॉटेलामागून हिरा आली, मागून हंसा, आणि बाजाराला आलेलं निम्मं बोईसर. हिराने माझ्यातून चिमूटभर पाला घेतला आणि शेठपुढे धरला.

"खा, शेट."

शेठ एक पाऊल मागे सरला.

"मी खाल्लाय रोज. तू एक डाव खा."

"खा की रं!" हंसा ओरडली. "रक्त वाढवतो!"

शेठने ओठ घट्ट मिटले. लोकांना आणखी काय सांगायला हवं होतं? साहेबाने बाटल्या काढल्या.

पालघरच्या कोर्टात खटले चालले. शेठची भीती गेल्यावर झिपरूने साक्ष दिली, हौदाचं सांगितलं, भुकटीचं सांगितलं. शेठला सहा महिने तुरुंग झाला. पण माल हिराच्याही हातून विकला गेला होता, आणि कायद्याचा कागद काही रडत नाही. तिच्या तोंडाकडे बघून न्यायाधीशांनी शिक्षा कमी केली, पण दोषी ती ठरलीच. दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत उभं राहायचं.

ती उभी राहिली. मी बाहेर दाराशी पुंडलिकाच्या मांडीवर होते. मधल्या सुट्टीत वकील जेवून आले, कारकून पान खाऊन आले, हिरा उभीच. संध्याकाळी बाहेर आली तेव्हा पाय सुजले होते. पुंडलिक म्हणाला, "सुटलीस." ती म्हणाली, "सुटले कुटं? कागदावर माजं नाव विषवालीच हाय."

शेठ सुटून आला, दुकान उघडलं. पण बोईसर विसरलं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "शेट, आधी तुम्ही खा." तांदूळ खा, डाळ खा, तिखटाची पूड खा. तिखट खाऊन खाऊन त्याचं नाक दिवसभर गळायचं. लोक गंमत बघायचे आणि न घेताच जायचे. दोन वर्षांत दुकान रिकामं व्हायला आलं. मित्रांनो, मला त्याची तसूभरही दया आली नाही.

शेवटी एका बाजाराला तो चिंचेखाली आला. कोर्टाने दोषी ठरवलेली म्हणून हिरापुढे गिऱ्हाईक तेव्हाही तुरळकच असायचं. हात जोडून म्हणाला, "हिराबाय, आता पुरे कर. तू मला माफ केलं असं एकदा लोकांना सांग, मग तेही सोडतील."

माझ्या रंगलेल्या तळावर केळीची पानं अंथरून हिराने ओले बोंबील नीट लावून घेतले. त्या दिवशी मी काठोकाठ भरलेली होते. मग ती उठली.

"शेट, मी कोर्ट उठेस्तोवर उभी होते. तू बाजार उठेस्तोवर उभा रा. हितं, माज्या जागेवर, ही टोपली डोक्यावर घेऊन. आणि जो इचारंल त्याला खरं सांगायचं."

शेठने इकडे तिकडे पाहिलं. मग खाली वाकला. हिरा आणि हंसाने मला दोन बाजूंनी उचललं आणि त्याच्या डोक्यावर ठेवलं. मध्ये कापडाची चुंबळ दिली नाही. मी त्याला ती मागूही दिली नाही. तळातली एक कामटी सुटून बाहेर आली होती, ती बरोबर त्याच्या टाळूवर रोवून बसले.

ऊन चढलं. बोंबलाचं पाणी माझ्या विणीतून निथळायला लागलं. ते त्याच्या कपाळावरून, मानेवरून, पांढऱ्या सदऱ्यात उतरलं. मनात आणलं असतं तर मी थोडं धरून ठेवलं असतं. एक थेंब धरला नाही.

लोक थांबायचे, विचारायचे, "हे काय, शेट?"

आणि त्याला म्हणावं लागायचं, "हिराबायच्या टोपलीत विष मी घातलं होतं. तिला ठाऊक नव्हतं."

पहिल्यांदा तो पुटपुटला. हंसा म्हणाली, "मोठ्यानं! भैया लोकांना समजू दे." मग मोठ्याने म्हणाला. कामगारांनी विचारलं तेव्हा हिंदीत म्हणाला. चिंचणीच्या बायकांना सांगितलं, पालघरच्या मास्तरांना सांगितलं, पोराबाळांना सांगितलं. कोर्टाच्या कागदाने जे दिलं नाही ते त्याच्या तोंडातून दिवसभर बाहेर पडत होतं. हिरा शेजारी बसून होती, तोंडाला पदर लावून. बाजार उठला तेव्हा तिने मला उतरवून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "जा घरी. सदरा धू."

पुढच्या बाजाराला माझ्यातले बोंबील सकाळीच संपले.

खाडीतले दोर आता नाहीत. पुढे पाण्याला वास यायला लागला, पाला चिकट उगवायला लागला, आणि हिराने स्वतःच्या हाताने बांबू उपटले. ती म्हणाली, "रंग घातलेला कळतो. पाणीच बिघडलं तर दाताला काय कळंल?" दर्याची भाजी ज्या पाण्यात वाढते तेच पिते, एवढं तरी साहेबांच्या पुस्तकात आता लिहिलं असावं, अशी आशा आहे.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यातले काही जण दुकानदार व्हाल, काही साहेब व्हाल. जे विकाल ते आधी आपल्या घरच्या ताटात वाढा. ज्याच्या डोक्यावरून माल पाठवाल त्याला त्यात काय आहे ते सांगा. आणि टोपल्यांना जपा. आमच्यात काय घालता ते बघून घाला, कारण आम्ही मुकाट्याने वाहतो, म्हणून विसरतो असं नाही. त्या दिवशी विश्रामशेठ घरी गेला तेव्हा त्याच्या कपाळावर, मानेवर, पांढऱ्या सदऱ्यावर बोंबलाच्या पाण्याचे ओघळ होते. ते हिरवे होते.